हातानं रंगवलेली जुनी पक्षीचित्रं : वाचकांचे प्रश्न

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या निसर्गग्रंथांमधली हातानं रंगवलेली पक्षीचित्रं कशी ओळखायची, कशी सांभाळायची, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

जुन्या बाजारात मोनाल पक्ष्याचं मोठं चित्र मिळालं. खाली गूल्ड या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पक्षितज्ज्ञाचं नाव आहे. विकणारा म्हणतो, दीडशे वर्षांपूर्वीचं, अस्सल. घरच्या घरी खात्री कशी करायची? (पुणे)

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा, सराफ वापरतात तसलं. चित्रात जिथे रंग फिका आहे तिथे, म्हणजे आकाशावर किंवा पोटाच्या पिसांवर, ते टेकवा. निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके एकसारख्या अंतरावर, छोट्या फुलांसारखे मांडलेले दिसले तर तपासणी तिथेच संपली. ते ऑफसेट छपाईचं, विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातलं पुनर्मुद्रण आहे. भिंतीवर लावायला छान, पण 'अस्सल' म्हणून त्याचे पैसे मोजू नका.

ठिपके नाहीत? मग काळ्या रेघा बघा. जॉन गूल्डची चित्रं शिळाछापाची आहेत. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्या दगडी छापावर निघत, तेच तंत्र. चुनखडीच्या गुळगुळीत केलेल्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड पाण्यानं ओला करायचा, शाई फिरवायची. ती फक्त तेलकट जागी धरते. दगडाला बारीक दाणा असतो, त्यामुळे भिंगाखाली खडूची रेघ तुटक दिसते, खरबरीत भिंतीवर कोळशानं ओढावी तशी. छापलेलं असतं ते एवढंच. बाकी सगळा रंग ब्रशनं, एकेका प्रतीवर वेगळा लावलेला.

ब्रशच्या रंगाच्या तीन खुणा आहेत. रंग सलग पसरतो, त्यात ठिपके नसतात. फटकाऱ्याच्या कडेला तो किंचित गडद होऊन थांबतो, चहाचा डाग सुकल्यावर काठ उमटतो तसा. आणि कुठे ना कुठे तो रेघेबाहेर जातो किंवा रेघेच्या आत कमी पडतो, विशेषतः पायांवर आणि शेपटीच्या टोकाशी. आता चित्र तिरपं धरून खिडकीकडे करा. डोळ्याच्या बुबुळावर आणि काळ्या पिसांवर चकाकी दिसली तर तो बाभळीच्या जातीचा डिंक आहे. गडद भागांना खोली यावी म्हणून तो मुद्दाम लावत. छापील चित्रात अशी एकेका जागची चकाकी सापडत नाही.

सर्वांत जास्त फसवणूक तिसऱ्या प्रकारात होते. तो म्हणजे क्रोमोलिथोग्राफ. यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. भिंगाखाली ठिपके दिसतात, पण ऑफसेटसारखे शिस्तीतले नसून वेडेवाकडे, एकावर एक चढलेले. पक्ष्याच्या कडेला एखादा रंग सगळीकडे एकाच दिशेला केसभर सरकलेला दिसतो, कारण दगड नीट जुळला नव्हता. ह्यूम आणि मार्शल यांचे, ज्यांची शिकार केली जाते अशा भारतातल्या पक्ष्यांवरचे तीन खंड (कलकत्ता, १८७९–८१) या प्रकारचे आहेत. त्यांतली सुटी पानं 'हँड कलर्ड' म्हणून सर्रास विकली जातात. जुनी आहेत, घेण्यासारखीही आहेत. हातानं रंगवलेली मात्र नाहीत.

यानंतर कागद. नोटा तपासायची अतिनील टॉर्च काही शे रुपयांत मिळते. खोलीत अंधार करून ती कागदावर मारा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत चमक आणणारी रसायनं असतात. असा कागद टिनोपॉल घातलेल्या सदऱ्यासारखा निळसर पांढरा उजळतो. चिंध्यांपासून केलेला जुना कागद निस्तेज, सायीच्या रंगाचा राहतो. ही कसोटी एकाच बाजूनं चालते हे लक्षात ठेवा. कागद उजळला तर तो नवा. नाही उजळला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण चमक न घातलेला कागद आजही मिळतो.

आकार मोजा. हिमालयातल्या पक्ष्यांचा गूल्डचा ग्रंथ आणि नंतरचा आशियातल्या पक्ष्यांचा ग्रंथ, दोन्हींची पानं साधारण ५५ सेंटिमीटर उंच आणि ३७ सेंटिमीटर रुंद. तुमचं चित्र वहीच्या पानाएवढं असेल तर ते यांतलं नाही. मग बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर मूळ ग्रंथाची पानं फुकट बघा आणि तुमच्या चित्राची जुळी शोधा. गवताचं एकेक पातं जुळायला हवं. फांदी तीच, पण पानं कमी भरली, तर कुणीतरी नंतर नक्कल केली आहे.

शेवटची शंका अशी की छाप जुना, पण रंग नवा. बिनरंगी जुनी पानं हल्ली रंगवून विकतात. घडीच्या किंवा ओरखड्याच्या जागी कागदाचे तंतू मोकळे झालेले असतात. तिथे रंग खोल शिरून गडद रेघ झाली असेल तर घडी आधीची आणि रंग नंतरचा. उलट घडीवर रंगाचा पापुद्रा तडकलेला असेल तर रंग आधीचा. मागची बाजूही पाहा. तांब्याच्या क्षारांपासून केलेला हिरवा रंग कागद हळूहळू जाळतो आणि पाठीमागे तपकिरी सावली उमटते. ती यायला दशकं लागतात.

एकाच गूल्ड-चित्राच्या दोन प्रती पाहिल्या. एकीत पक्ष्याची पाठ हिरवी, दुसरीत निळसर. एकीत मागचं झाड रंगवलेलं, दुसरीत नुसतं काळं-पांढरं. यातली खोटी कोणती? (सातारा)

दोन्ही खऱ्या असू शकतात.

रंगवण्याचं काम कारखान्यासारखं चाले. चित्रकार एक नमुना-प्रत रंगवून देई. ती समोर ठेवून रंगारी ओळीनं बसत. एक जण सगळ्या प्रतींचं आकाश करी, दुसरा पाठ, तिसरा पाय आणि चोच. चित्रकार ऑडुबॉनच्या अमेरिकी पक्ष्यांची पानं लंडनमध्ये रॉबर्ट हॅवेलच्या कारखान्यात रंगत होती, तिथे पन्नासापर्यंत रंगारी असत. गूल्डचं रंगकाम बराच काळ गॅब्रिएल बेफील्ड सांभाळत होता. गूल्डच्या ग्रंथावर नाव गूल्डचं, पण हिमालयातल्या पक्ष्यांची ८० पानं दगडावर काढली त्याची पत्नी एलिझाबेथ हिनं, आणि रंग भरणाऱ्या हातांपैकी बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. एवढ्या हातांतून गेल्यावर हिरव्यात उन्नीस-बीस होणारच.

मागचं झाड बिनरंगी असण्याचं कारण सरळ आहे. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या या हिमालयाच्या ग्रंथाच्या आधीच्या प्रतींत फक्त पक्षी रंगवला होता. नंतरच्या प्रतींत झाडपाल्यालाही रंग आला. एडिंबरोहून १८३३ ते १८४३ या काळात निघालेल्या जार्डिनच्या खिशात मावणाऱ्या पुस्तकमालेत तर पक्षी रंगीत आणि मागचा देखावा काळा, हीच रीत होती. अशा पानावर मागाहून कुणी झाडं रंगवली तर किंमत उतरते.

हिरव्याचं निळं होणं ही मात्र बहुधा उन्हाची करणी. तेव्हाचा हिरवा पुष्कळदा गँबोज नावाचा पिवळा आणि प्रशियन निळा मिसळून करत. गँबोज प्रकाशात विटतो, निळा त्या मानानं टिकतो. पिवळा उडाला की पोपट निळा. कोचिनील किड्यापासून केलेला कारमाइन लालही असाच उडतो. खात्री करायची असेल तर चित्र फ्रेममधून काढून माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली बोटभर पट्टी बघा. तिथे रंगाचा एखादा तुकडा गेलेला असेल, तर मूळ छटा तिथे शाबूत सापडते.

जाता जाता, पायांच्या, डोळ्यांच्या आणि चोचीभोवतालच्या उघड्या कातडीच्या रंगावर फार विसंबू नका. चित्रकारांपुढे बहुतेक वेळा वाळवलेली, पेंढा भरलेली कातडी असायची. पिसांचा रंग टिकतो, पण पायांचा आणि डोळ्यांचा मेल्यावर लवकर जातो. गूल्डच्या काही हिमालयी पक्ष्यांचे पाय म्हणूनच अंदाजाचे आहेत. गुंजनपक्ष्यांवरच्या (हमिंगबर्डवरच्या) त्याच्या ग्रंथात (१८४९–६१, ३६० पानं) गळ्याची धातूसारखी झळाळी आणायला सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग चढवले आहेत. अशा पानावर बोट फिरवलं तर वर्ख सुटतो.

चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत 'डेल.', 'लिथ.', 'इम्प.' असं काहीबाही असतं. ते काय? (नागपूर)

लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपं. 'डेल.' म्हणजे रेखाटलं, 'पिंक्स.' म्हणजे रंगात चितारलं, 'लिथ.' म्हणजे दगडावर उतरवलं, 'स्कल्प.' म्हणजे पत्र्यावर किंवा लाकडावर कोरलं, 'इम्प.' म्हणजे छापलं. आशियातल्या पक्ष्यांच्या पानांवर डावीकडे 'जे. गूल्ड अँड एच. सी. रिक्टर, डेल. एट लिथ.' किंवा रिक्टरऐवजी डब्ल्यू. हार्ट असतं, उजवीकडे हलमँडेल-वॉल्टन किंवा वॉल्टर या छापखान्यांचं नाव. वरच्या कोपऱ्यात 'पी. झेड. एस.' आणि सन असेल तर ते पान लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाज-वृत्तातलं आहे. 'आयबिस' असेल तर १८५९ पासून निघणाऱ्या त्याच नावाच्या पक्षिनियतकालिकातलं. त्यांवर कोयलेमान्स किंवा स्मिट हे चित्रकार आणि हॅनहार्ट हा छापखाना वारंवार भेटतो. ही पानं लहान असतात, मोठं चित्र असेल तर मधोमध घडी असते. ती घडी दोष नाही, मूळचीच आहे.

फ्रेमवाला नेमकी हीच अक्षरं कापतो. चौकटीत बसवण्यासाठी समास छाटू देऊ नका. चित्र पाव इंचही कापलं जाणार नाही असं आधी बजावून सांगा.

कर्नल साइक्सनं दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली होती. त्यातली रंगीत चित्रं कुठे मिळतील? (अहिल्यानगर)

त्या यादीत चित्रंच नाहीत. विल्यम हेन्री साइक्सची दख्खनच्या पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तात आली, आणि त्या वृत्तात चित्रं यायला लागली १८४८ पासून. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या नावाचा मोठा सातभाई आणि आपल्या माळरानावरचा साइक्सचा चंडोल, दोन्हींची शास्त्रीय वर्णनं त्याच सूचीतली. 'साइक्सच्या ग्रंथातलं रंगीत पान' असं म्हणून या यादीतलं काही कुणी देऊ केलं तर घेऊ नका. आपल्याकडचे पक्षी हवे असतील तर पक्षितज्ज्ञ जर्डनचा ग्रंथ (मद्रास, १८४३–४७, मुख्यतः दक्षिण भारतातल्या पक्ष्यांची ५० चित्रं, मूळ रेखाटनं इथल्या चित्रकारांची) आणि गूल्डचे आशियाचे खंड पाहा. जर्डनची सुटी पानं क्वचितच बाजारात येतात.

पक्ष्याचा गळा पांढरा असायला हवा, तो काळपट राखी दिसतो. पायांच्या नारिंगी रंगावरही काळे डाग आहेत. मळ आहे का? खोडरबर चालेल? (नाशिक)

खोडरबर लावू नका. हा मळ नाही.

पांढऱ्यासाठी तेव्हा शिशाचा सफेदा वापरत आणि नारिंगीसाठी शेंदूर, म्हणजे तोही शिशाचाच. हवेत गंधकाचा वायू असला की शिसं त्याच्याशी संयोग पावून काळं होतं. कोळशाचा धूर, गटाराची हवा, गंधकयुक्त रबर, यांतून तो वायू येतो. तेलरंगात सफेदा तेलानं झाकलेला असतो म्हणून वाचतो. जलरंगात तो उघडाच असतो.

मळ आणि हे काळेपण यांतला फरक भिंगाखाली कळतो. मळ कागदावर आणि रंगावर सारखाच बसतो, त्याला हद्द नसते. इथे काळेपणाची कड ब्रशच्या फटकाऱ्याशी तंतोतंत जुळते. एकेक पीस ज्या पांढऱ्या रेघेनं काढलं होतं, नेमकी तीच रेघ काळी झालेली दिसते, आणि चित्र तिरपं केलं की तिच्यावर शिसपेन्सिलीसारखी झाक येते. जणू फोटोची निगेटिव्ह.

हे उलटवता येतं. हायड्रोजन पेरॉक्साइडनं काळं लेड सल्फाइड पांढऱ्या लेड सल्फेटमध्ये बदलतं. संवर्धक ते काम बारीक ब्रशच्या टोकानं, फक्त त्या रेघेवर, कमीत कमी ओलाव्यानं करतात. औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड कापसानं फिरवलं तर तीन गोष्टी होतात. शेजारचा कारमाइन उडतो, डिंकातला रंग पाण्यानं ओघळतो, आणि ओल जिथे थांबली तिथे तपकिरी काठ पडतो. यातलं एकही नंतर दुरुस्त होत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. तिथे आधी फोटो पाठवून विचारा.

लाल हिंगूळही, म्हणजे पाऱ्यापासून केलेला रंग, उजेडात कधी कधी काळवंडतो. त्यावर पेरॉक्साइडचा उपाय नाही. लाल रंग काळा पडला असेल तर तो शेंदूर की हिंगूळ, हे तपासल्याशिवाय संवर्धकही हात लावत नाही.

दर पावसाळ्यानंतर चित्रावर तपकिरी ठिपके वाढतात. काहींनी लिंबू, काहींनी ब्लीचिंग पावडर, काहींनी ऊन सुचवलं. काय करावं? (रत्नागिरी, तशाच आशयाचं पत्र मडगावहून)

तिन्ही टाळा. लिंबाचं आम्ल कागदात राहतं आणि तो ठिसूळ करतं. ब्लीचमधला क्लोरीन ठिपक्याआधी रंग खातो, आणि नीट धुतला न गेल्यास कागदाचे तंतू वर्षानुवर्षं कुरतडत राहतो. हातानं रंगवलेलं चित्र नीट धुता येतच नाही, कारण डिंक पाण्यात विरघळतो. उन्हाचं वर सांगितलंच.

ठिपके पडतात ते ओलाव्यामुळे. बुरशी आणि कागदातले लोखंडाचे सूक्ष्म कण, दोन्हींचा त्यात हात असतो. पडलेला डाग राहू द्या, नवा पडू नये हे बघा. हवेतली सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून पावसाळ्यात चित्र भिंतीवर ठेवूच नये. निदान बाहेरच्या भिंतीवर, त्यातून पश्चिमेच्या, मुळीच नको. भिंत आत पाझरते, फ्रेमची पाठ तिला चिकटलेली असते, मधली हवा हलत नाही. बाटलीच्या बुचाच्या एक सेंटिमीटर जाड चकत्या फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून चिकटवा. एवढ्यानंही पाठीमागून वारा खेळतो.

मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी चित्र उतरवा. आम्लविरहित कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आडवं ठेवा. सोबत कापडी पिशवीत अर्धा किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेल कागदाला टेकता कामा नये. महिन्यातून एकदा पिशवीचं वजन करा. पाऊणशे ग्रॅम वाढलं की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, गार करून परत ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर डबा बंद केला तर आत ओलच कोंडली जाते. दरवर्षी होणारी चूक ती हीच. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकण्यानं बुरशी थांबत नाही. वाफ मात्र चित्रावर बसते.

ठिपक्यांवर भुरभुरीत लव असेल आणि कुबट वास येत असेल तर बुरशी जिवंत आहे. ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं करा, सावलीत पंख्याच्या थेट झोतापासून दूर वाळू द्या. पूर्ण कोरडं झाल्यावर घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशनं फक्त मागची बाजू आणि समास झाडा. ओली बुरशी पुसली तर ती तंतूंत दाबली जाते. रंगलेल्या भागाला ब्रश नको. एकोणिसाव्या शतकातल्या झगझगीत हिरव्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, असू शकतो. त्याची पूड उडवायची नाही, तोंडानं फुंकायचं तर नाहीच.

फ्रेम करायला दिलेली दोन चित्रं कडेनं तपकिरी झाली. स्वतः माउंट करायचं असेल तर कसं? चिकटवायला खळ चालते का? (कोल्हापूर)

दोष पुठ्ठ्याचा. नेहमीच्या माउंटच्या गाभ्यात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं आम्ल बाहेर येतं. माउंटच्या खिडकीची तिरपी कापलेली कड बघा. ती पांढरी न राहता बिस्किटासारखी झाली असेल तर चित्रावरही त्याच रेघेत डाग उतरलेला असणार. मागचा हार्डबोर्ड किंवा प्लायवूड हेच करतो. शंभर टक्के सुती, आम्लविरहित बोर्ड मागा, पुढेही आणि मागेही. माउंट किमान दीड ते दोन मिलिमीटर जाड हवा. काच रंगाला टेकली तर दमट हवेत डिंक काचेला चिकटतो, आणि काच काढताना बुबुळ तिच्याबरोबर निघून येतं.

खळ चालते, फक्त ती मैद्याची नको. मैद्यात ग्लूटेन असतं. त्यामुळे ती कडक होते, पिवळी पडते, आणि झुरळांना व कसरीला आवडते. बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात, त्यानं किडे जातात पण तांबं कागद जाळतं. शुद्ध गव्हाचा स्टार्च घ्या. कुरडयांचा चीक म्हणजे जवळपास हाच पदार्थ, पण तो गहू भिजवून आंबवून काढलेला. आंबट असतो, म्हणून या कामाचा नाही.

एक चमचा स्टार्च पाच चमचे ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर भिजवा. मंद आचेवर, सतत ढवळत, वीस ते तीस मिनिटं शिजवा. आधी दूध, मग दाट पिठलं, आणि शेवटी अर्धपारदर्शक, चमच्याला धरून राहणारी लापशी होते. पांढरी असतानाच उतरवली तर पकड येत नाही, हे सर्वांत जास्त वेळा बिघडतं. गार झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा दाबून काढा, थोडं पाणी घालून ताकाहून दाट, दह्याहून पातळ करा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते; आंबट वास आला की फेकून द्या.

चित्र कधीही सगळं चिकटवायचं नाही. फक्त वरच्या कडेला, मागून, जपानी कोझो कागदाचे दोन तुकडे. कागद कात्रीनं कापू नका. ओल्या ब्रशनं रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि पुढून वळ दिसत नाही. तुकडा अडीच-तीन सेंटिमीटर रुंद, चित्रावर त्याची जेमतेम चार-पाच मिलिमीटर कड. खळ लावून अर्धा मिनिट टिपकागदावर टेकवा, जादा पाणी निघू दे, मगच चिकटवा. वर कोरडा टिपकागद, काच आणि वजन, तासभर. खालची कड मोकळीच ठेवा. पावसाळ्यात कागद फुगतो, चारी बाजूंनी बांधलेला असला तर त्याच्या लाटा होतात.

पांढरा गोंद, सेलोटेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, लॅमिनेशन, यांतलं काहीही नको. सेलोटेपचा चिकटा कागदात उतरून मधाच्या रंगाचा डाग होतो, आणि टेप गळून पडली तरी डाग राहतो. आधीची टेप ओढून काढू नका.

काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक मिळालं तर उत्तम. तरी उजेड मोजा. संग्रहालयं अशा चित्रांवर ५० लक्सपेक्षा जास्त पडू देत नाहीत. वर्षातले तीन महिने भिंतीवर, बाकी अंधारात, हे घरीही जमतं.

आजोबांकडची काही रंगीत पक्षीचित्रं पुढच्या भारतभेटीत सोबत न्यायची आहेत. कस्टम्सला काय दाखवावं? (न्यू जर्सी)

आधी बॅग भरू नका. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकृती पुरावशेषात मोडते. शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना पंच्याहत्तर वर्षं पुरतात. पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेला आहे. चित्र लंडनमध्ये छापलं होतं, म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तज्ज्ञ समिती वस्तू पाहून ती पुरावशेष नसल्याचा दाखला देते किंवा नाकारते. अर्जासोबत पुढून-मागून फोटो, मापं आणि तळाच्या अक्षरांचा जवळून घेतलेला फोटो जोडा. नवी ऑफसेट प्रत असेल तर दाखला मिळायला अडचण नसावी. खरंच १८५० चं पान असेल तर ते इथल्या नातेवाइकांकडेच राहू देणं बरं. नेण्यासाठी त्याची चांगली स्कॅन-प्रत काढून घ्या.

इंग्लंडहून मागवलेलं चित्र नळकांड्यात गुंडाळून आलं. सरळ कसं करू? इस्त्री? (ठाणे)

इस्त्री नको, उलट्या बाजूला गुंडाळणंही नको. डिंक लावलेले गडद भाग तडकतात. नळकांडं दोन दिवस खोलीच्या हवेत बंदच राहू द्या. मग चित्र बाहेर काढून, रंग वर ठेवून, आपोआप जितकं उलगडेल तितकं उलगडू द्या. दुसऱ्या दिवशी समासांवर, फक्त समासांवर, टिपकागदाच्या पट्ट्या आणि पुस्तकं ठेवा. आठवडा लागेल. पुढच्या वेळी दोन ताठ बोर्डांमध्ये सपाट पाठवायला सांगा. टपालखर्च जास्त पडतो, पण काळी पिसं जागच्या जागी राहतात.